थावराची हजेरी

दिवसभर म्हातारा शहाणा असायचा. शेळ्या राखायचा, नातीच्या कॉलेजची चौकशी करायचा, तांड्यावर आलेल्या भांडेवाल्याशी घासाघीस करून त्याला रडकुंडीला आणायचा. पण डोंगराची सावली तांड्यावर उतरली की थावराचं डोकं फिरायचं. मग तो लाल पागोटं गुंडाळायचा, काठी घ्यायचा आणि कोणाला काही न सांगता टाकळवाडीच्या वाटेला लागायचा. गावात शिरून ग्रामपंचायतीसमोर, जिथं पूर्वी चावडी होती तिथं, लिंबाखाली उकिडवा बसायचा. दोन्ही हात गुडघ्यांवर, पंजे उघडे, बघणाऱ्याला दिसतील असे. आणि आपलं नाव कोणी पुकारतंय का याची वाट बघायचा.

नाव कोण पुकारणार? ही हजेरी बंद होऊन पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली होती. ज्या काळात ती चालायची तो काळ आता शाळेतल्या पोरांना खोटा वाटतो. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालणाऱ्या तांड्यावरच्या या लोकांचा धंदा आगगाड्यांनी आणि मोटारींनी बुडवला, आणि धंदा बुडाल्यावर सरकारनं त्यांना सरसकट चोर ठरवून टाकलं. तांड्यात जन्मला तो चोर, एवढा सोपा हिशोब. प्रत्येक बाप्या माणसानं दिवस मावळताना गावच्या चावडीवर यायचं, पोलीस पाटलापुढं बसायचं, नाव पुकारलं की ‘हाजिर’ म्हणायचं आणि ‘जा’ म्हटल्याशिवाय उठायचं नाही. जो चुकला त्याला तालुक्याच्या ठाण्यात नेत. निजामाचं राज्य असं होतं, असं आपण म्हणतो आणि मोकळे होतो.

थावराच्या डोक्यात दोन वर्षांपासून ती हजेरी परत सुरू झाली होती. कोणी नाव पुकारलं नाही तर तो उठायचाच नाही. सुरुवातीला ग्रामपंचायतीचा शिपाई जळबा हे काम करायचा. जळबा भला माणूस. दाराला कुलूप लावता लावता जुन्या रीतीनं बापाच्या नावासकट म्हणायचा, “थावरा वल्द सेवा, हाजिर. जा बाबा घरी.” म्हातारा गुडघ्यांवर हात टेकून उठायचा आणि समाधानानं घरी यायचा. त्यात कोणाचं काही जात नव्हतं.

मग उन्हाळ्यात सोमेश्वरला या गंमतीचा पत्ता लागला. सोमेश्वर म्हणजे तातेराव पाटलाचा नातू. बारावीला दोनदा आपटलेला, वारंगा फाट्यावरच्या हॉटेलात दिवस काढणारा, अंगावर आजोबाची उंची आणि आवाज, आणि डोक्यात कुसळ उगवेल तर शपथ. तो आणि त्याचे दोन-तीन मैतर संध्याकाळी मोटारसायकली लिंबाखाली लावून म्हाताऱ्याची वाट बघत बसायला लागले. जळबाला त्यांनी हाकलून लावलं. “थावरा! काल कुठं होता बे? कोंबडी कोणी उचलली?” “म्या न्हाई मालक.” “कान धर. खोटं बोलून राहिला.” म्हातारा कान धरायचा. पोरं पोट धरून हसायची. एकदा त्यांनी त्याला लिंबाभोवती रांगायला लावलं, आणि तो पंचाहत्तरीतला माणूस रांगला.

शिलानं ते डोळ्यांनी पाहिलं. शिला ही थावराची नात, आखाडा बाळापूरच्या कॉलेजात बी.ए.ला, तांड्यावरून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. बाप ट्रकवर, महिन्या-दोन महिन्यांनी फाट्यावर उतरून घरी यायचा, त्यामुळे ती वाढली ती आजाच्याच मांडीवर. ती धावत गेली आणि आजाला दंडाला धरून उठवू लागली. तो उठेना. ‘जा’ म्हटल्याशिवाय तो उठणार नव्हता.

“सोड त्याला, सोमेश्वर. जा म्हन.”

“आमी बोलावलं का त्याला? आपल्या मर्जीनं येऊन राहिला तो,” सोमेश्वर मोटारसायकलवर पाय पसरून म्हणाला. “देश स्वतंत्र हाय. कोणी कुठंबी बसावं.”

त्या दिवशी शेवटी शिलालाच ते म्हणावं लागलं. आवाज घोगरा करून, पाटलाच्या तोऱ्यात, तिनं स्वतःच्या आजाला ‘थावरा, जा’ म्हटलं, तेही पोरांच्या देखत. आजा उठला. शिला रस्ताभर रडत आली. तिला एकच गोष्ट हवी होती, आजानं मरायच्या आधी दिवस मावळताना आपल्या ओट्यावर मोकळ्या माणसासारखं बसावं. तिच्या लेखी स्वातंत्र्य म्हणजे एवढंच होतं. बाकीचं तिनं परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

तिनं आणि तिच्या आईनं, बेबीबाईनं, एक दिवस म्हाताऱ्याला घरात कोंडून बघितलं. त्यानं दारावर डोकं आपटून घेतलं. “सोडा मला, टाईम झाला, नेतील, नेतील!” म्हणून तो असा ओरडला की शेजारपाजारचे धावून आले. कपाळातून रक्त आलं तेव्हा बेबीबाईनंच कडी काढली.

“त्याला कोन्हाचं खरं वाटत न्हाई,” बेबीबाई म्हणाली. “फकस्त पाटलाचं खरं वाटतं. पाटलानंच त्याला सांगावं.”

ते शिलाच्या डोक्यात बसलं.

तातेराव पाटील म्हणजे टाकळवाडीचे स्वातंत्र्यसैनिक. दर सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनी, त्यांचं भाषण ठरलेलं असायचं. निजामाच्या राज्यातून निसटून ते पैनगंगेपलीकडं उमरखेडच्या बाजूला छावणीत कसे गेले, करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका कसा जाळला, हे गावातल्या तीन पिढ्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की पोरं त्यांच्याआधी पुढचं वाक्य म्हणत. शेजारच्या गावातले काही खवट म्हातारे मात्र कुजबुजत की, तातेराव छावणीत कसले गेले, पलीकडं मामाच्या घरी तूप-पोळी खात बसले होते. यंदा मुक्तीला पन्नास वर्षं होणार होती, परभणीहून मोठे पाहुणे यायचे होते, आणि ही कुजबुज पाहुण्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून तातेरावांचा जीव टांगणीला लागला होता.

शिला वाड्यावर गेली तेव्हा ते ओसरीवर टोपीला इस्त्री करून घेत होते. त्यांची बायको द्वारकाबाई आत शेंगा फोडत बसली होती.

“आबा, एक काम होतं. आमच्या आजाला एकदा सांगा ना, हजेरी बंद झाली मनून. तुमच्या तोंडून ऐकलं की त्याला पटंल.”

“कसली हजेरी?”

“तांड्याची. चावडीवर तुमीच घेत होते ना?”

तातेरावांचा चेहरा आंबट झाला. “ते निजामाचं पाप होतं पोरी. आमी तर त्याच्याविरुद्ध लढलो.”

“पर आजा मनतो, निजाम गेल्यावरबी चार वर्सं चालू होती. तवा पोलीस पाटील तुमीच होते मनं.”

“कायदा होता तवा. कायदा वरून बदलावा लागतो.” मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “तुझा आजा शूर माणूस. माझ्या सांगण्यावरून त्यानं मिठाच्या गोणीत काडतुसं आणली नदीपलीकडून. कोणाला संशय आला न्हाई, काहून की संध्याकाळी तो बराबर हजेरीला हजर. त्याला सतरा तारखेला स्टेजवर आण. पाहुण्यांपुढं त्यानं एवढं सांगावं, की तातेरावच्या सांगण्यावरून आणली. मंग मी तिथंच, माईकवर, साऱ्या गावादेखत त्याला सांगतो हजेरी बंद झाली मनून. बोल.”

शिलाला सौदा कळत होता. तिनं तो केला. आजा खोटं बोलणार नव्हताच, काडतुसं खरंच त्यानं आणली होती. मग बिघडलं कुठं? निघताना आतून द्वारकाबाईनं तिला हाक मारली आणि ओंजळभर शेंगा दिल्या. काहीतरी बोलायचं होतं तिला, पण ओसरीवर नवरा बसलेला, म्हणून ती परत शेंगा फोडायला बसली.

सतरा सप्टेंबर उजाडला. शाळेच्या मैदानात मांडव पडला. सकाळी दहाचा कार्यक्रम. पाहुणे आले ते उन्हं कलल्यावर, तीन गाड्यांनी, वाटेत दोन सत्कार उरकून. तोवर लेझीम खेळणारी पोरं उपाशी राहून कोमेजली होती आणि भाषणं करणारे मात्र ताजेतवाने होते. पाहुण्यांनी स्वातंत्र्य म्हणजे विकास असं सांगितलं. त्यांच्याबरोबर आलेल्या पुढाऱ्यानं सांगितलं की हिंगोली परभणीपासून वेगळा जिल्हा होईल तोच आपला खरा मुक्तिदिन, आणि त्याला सगळ्यांत जोरात टाळ्या मिळाल्या. हेडमास्तरांनी स्वातंत्र्य म्हणजे शिस्त असं सांगून मागच्या रांगेतल्या एका पोराला उभं केलं. ज्याला जे पाहिजे होतं त्याचं नाव त्यानं स्वातंत्र्य ठेवून दिलं होतं.

थावरा खुर्चीवर बसला होता. शिलानं त्याला नवं धोतर नेसवलं होतं. गळ्यात हार. आयुष्यात पहिल्यांदा तो पाटलाशेजारी खुर्चीवर बसला होता, आणि खुर्चीच्या अगदी काठावर बसला होता. त्याच्यापुढं माईक आला तेव्हा तो घाबरेल असं शिलाला वाटलं. पण तो छान बोलला.

“तवा मी जवान होतो. सहा बैलं होती. नदी उतरून जायचं, वर मीठ, खाली काडतुसं. रातभर चालायचं, दिवस मावळायला चावडीवर यायचं. पोलिसाचा अमीनसाब मनायचा, ह्यो थावरा लई इमानदार चोर, एक दिवस चुकत न्हाई.” लोक हसले, तोही हसला. “तातेराव मालक मनले आन, तर म्या आनलं. मालक मनले, सुराज्य आलं की तुमची हजेरी सुटली. मनून आनलं.”

तातेरावांनी पाहुण्यांकडं बघितलं. पाहुण्यांनी मान डोलावली. बातमीदारानं फोटो काढला. पन्नास वर्षांची कुजबुज त्या एका वाक्यानं मिटली होती, आणि तातेराव असे फुलून आले की त्यांनी स्वतः उठून थावराला शाल पांघरली.

तेवढ्यात मैदानावर डोंगराची सावली आली.

थावरानं वर बघितलं. त्याचा चेहरा बदललेला शिलानं खालून ओळखला. त्यानं शाल काढून घडी करून खुर्चीवर ठेवली, हार काढला, आणि पाटलाच्या पायांशी स्टेजवर उकिडवा बसला. हात गुडघ्यांवर, पंजे उघडे.

“हाजिर, मालक.”

मागून सोमेश्वरच्या टोळक्यातून शिट्टी आली, आणि मग सगळा मांडव हसायला लागला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पाहुणेही हसले, त्यांना वाटलं नाटक बसवलंय. शिला बायकांतून उठून उभी राहिली आणि ओरडली, “आबा, सांगा! सांगा ना त्याला!”

तातेरावांनी शब्द पाळला. त्यांनी माईक हातात घेतला, थावराला खांद्याला धरून उठवलं आणि म्हणाले, “थावरा, हजेरी सुटली. निजाम गेला. आजपासून तू मोकळा. तुला कोणी चावडीवर बोलावणार न्हाई.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. बँडवाल्यानं ढोल वाजवला. शिलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी बाईच्या गळ्यात ती पडली. झालं होतं. तिनं करून दाखवलं होतं.

थावरा मात्र पाटलाच्या तोंडाकडं बघत होता. हळूहळू त्याचा चेहरा असा उजळला की पुढच्या रांगेतले लोक टाळ्या थांबवून बघू लागले.

“सुटली, मालक?”

“सुटली.”

“मंग आता नेमसिंगला सोडा.”

माईक तातेरावांच्या हातात होता, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं. पुढचंही ऐकलं.

“कोण नेमसिंग?” तातेराव म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. तिथं बसलेल्या कोणालाही ते कळलं असतं, इतक्या निर्मळ मनानं त्यांनी विचारलं.

“माझा भाऊ, मालक. नेमसिंग वल्द सेवा. दुसऱ्या तांड्यावर लग्नाला गेला, नाचत राहिला, हजेरी चुकली. तुमी पोलिसाची जीप बोलावली. मी पाय धरले तुमचे. तुमी मनले, थावरा, तू हजेरी चुकवू नको. रोज ये. हजेरी सुटली की नेमसिंगबी सुटंल.” म्हातारा हात जोडून सांगत होता, अगदी व्यवस्थित, कुठं अडखळला नाही. “मी चुकलो न्हाई मालक. पावसात आलो, तापात आलो. माय मेली त्या दिवशी तिला तशीच ठिवून आलो. आता सोडा त्याला.”

हेडमास्तरांनी पुढं होऊन माईक काढून घेतला आणि देशभक्तीच्या गाण्याची कॅसेट लावायला सांगितलं. पाहुण्यांनी विचारलं, “काय म्हणतोय तो?” तातेराव म्हणाले, “वय झालंय. भावाची आठवण आली.” मग फराळ वाटला.

शिलाला नेमसिंग हे नाव माहीत होतं, पण तो कामासाठी निजामाबादकडं गेला तो परत आलाच नाही, असं आजी सांगायची. बेबीबाईलाही तेवढंच माहीत होतं. दुसऱ्या दिवशी शिला परत वाड्यावर गेली. तातेराव बाळापूरला पेढे वाटायला गेले होते. द्वारकाबाई एकटीच होती, म्हणून बोलली.

“तवा मी नवी नवरी होते. सुराज्य आलं मनून म्याच गूळ वाटला होता साऱ्या गावात. मला वाटलं, आता बायांनाबी बाहेर पडायला मिळंल. कुठलं काय! ह्यांचं सुराज्य ओसरीपाशीच थांबलं, उंबऱ्याच्या आत आलंच न्हाई.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “सुराज्याला वर्सबी झालं न्हवतं. ते नेमसिंग पोरगं जीपमंदी बसलं तवा हसत होतं. लग्नातला गुलाल तसाच होता कपाळाला. मला मनलं, भाभी, पानी. म्या तांब्या आणोस्तोवर जीप गेली. दोनच दिवसांनी हे जेवायला बसले अन् मनले, मेलं ते पोरगं, मार सोसला न्हाई त्याला. मनले आन् वरण मागितलं.”

“दोन दिवसांनी?” शिला म्हणाली. “मंग चार वर्सं आजाला काहून…”

“गडी रोज टायमात यायचा, बाकीच्या तांड्याला घेऊन यायचा. त्याच्यामुळं कोणी पळून जात न्हवतं. ह्यांना बरं पडत होतं.” द्वारकाबाई खाली मान घालून म्हणाली. “आन् हजेरी बंद पडली तवा नेमसिंगचं त्याला सांगायचंबी इसरून गेले.”

अशा माणसाला काय म्हणावं? राक्षस म्हणायची सोय नाही, कारण राक्षसाला निदान आपण कोणाला खाल्लं ते आठवतं. तातेरावांना गाव देवमाणूस म्हणायचं, आणि ते गरिबांना लग्नात भांडी द्यायचे.

शिला घरी आली. दिवस मावळत होता आणि थावरा ओट्यावर बसला होता. चावडीकडं तो निघाला नव्हता. हेच तिला हवं होतं. पण तो मोकळ्या माणसासारखा बसला नव्हता, तो वाटेकडं बघत बसला होता. अंधार पडेपर्यंत बघत राहिला. भाकरी दिली तर म्हणाला, “ठिव. त्यो आल्यावर दोघं खाऊ.”

चार-पाच दिवस असेच गेले. मग एका संध्याकाळी तो आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपला. शिला पायाशी बसली.

“एक दिवस चुकला असंल माझा,” तो भिंतीला म्हणाला. “मोजण्यात काही चूक झाली माझ्याकून. न्हाईतर त्यो आला असता. पाटील खोटं कशाला बोलंल?”

“आजा, तुझा एकबी दिवस चुकला न्हाई.”

“मंग का न्हाई आला?”

शिलाच्या जिभेवर उत्तर होतं. ते तिला सांगता आलं नाही. पन्नास वर्षं ज्या बोलीवर माणूस जगला, ती बोली पहिल्या दोन दिवसांतच खोटी होती, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्या रात्रीपासून थावरानं अन्न सोडलं. पाणी पाजलं तर ओठांवरून ओघळायचं. बाळापूरच्या डॉक्टरनं सुई दिली आणि म्हणाला, रोग काही नाही, यांना जगायचंच नाही. बेबीबाई शिलाला म्हणाली, “हजेरीला जात होता तवा दोन भाकरी खात होता. तू कशाला सोडवलं त्याला?”

आईचं बोलणं शिलाला लागलं, कारण ते खरं होतं. तिनं आजाला मोकळं केलं होतं, आणि त्याच्याजवळ जे काही उरलं होतं तेही काढून घेतलं होतं. म्हातारा चावडीवर अपमान करून घ्यायला जात नव्हता. तो रोज भावाला जिवंत ठेवायला जात होता. सोमेश्वरपुढं तो रांगला तो त्यासाठीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वारंगा फाट्यावर गेली. ‘जा’ जळबानं म्हटलं तरी चालायचं, पण नेमसिंग सुटेल हे आजाला पाटलाच्याच आवाजात पटलं असतं. सोमेश्वर हॉटेलपुढं बाकड्यावर बसून गुटखा चघळत होता. ज्या पोराच्या तोंडावर थुंकावं असं तिला वाटायचं, त्याच्यापुढं ती उभी राहिली.

“सोमेश्वर, हजेरी परत चालू कर.”

“काय?”

“आजाची. तुझा आवाज आबासारखा हाय. दिवस मावळताना त्याला तुझ्यात आबाच दिसतो. तू फकस्त नाव पुकार आन् मन, हजेरी चालू झाली, चुकवू नको, हजेरी सुटली की नेमसिंग सुटंल.”

सोमेश्वरनं तिला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. त्याचे मैतर सरसावून बसले. “आबानं तर बंद केली. स्टेजवर. पेपरात फोटो आला. आता आमी कशी चालू करावी? आमाला काय तकलीफ कमी हाय?”

“तुला कर मनून राहिले ना.”

“असं न्हाई. बराबर माग. हात जोडून.”

फाट्यावर नांदेडची बस थांबली होती. खिडकीतून माणसं बघत होती. शिलानं हात जोडले.

संध्याकाळी तिनं आजाच्या कानाशी तोंड नेलं. “आजा, पाटलानं सांगावा धाडला. हजेरी परत चालू झाली. ऊठ, टाईम झाला.” थावराचे डोळे उघडले. चार घोट पाणी प्यायला. पागोटं त्याला बांधता येईना, ते बेबीबाईनं बांधलं. शिलाच्या खांद्यावर भार टाकून तो चालत गेला, वाटेत दोनदा बसला, आणि “उशीर तर न्हाई ना झाला?” असं पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

लिंबाखाली सोमेश्वर खुर्ची टाकून बसला होता. डोक्यावर आजोबाची टोपी, पाय पुढच्या मोटारसायकलवर. या वेळी गर्दीही जमवली होती. जळबा ग्रामपंचायतीच्या दारात उभा होता, तो मान फिरवून आत गेला.

थावरा बसला. हात गुडघ्यांवर ठेवले. पंजे उघडे.

“थावरा वल्द सेवा!”

“हाजिर, मालक!” एवढ्या दिवसांत निघाला नव्हता असा आवाज त्याच्या छातीतून निघाला. “मालक, नेमसिंगचं…”

“चुकवू नको. हजेरी सुटली की नेमसिंग सुटंल.”

“न्हाई चुकनार मालक.” म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर रंग आला. शिलानं ते पाहिलं आणि तिला वाटलं, ठीक आहे, एवढी किंमत ठीक आहे. ती त्याला उठवायला वाकली.

“थांब,” सोमेश्वर म्हणाला. “अजून जा मनलं न्हाई मी.” त्यानं मैतरांकडं बघून डोळा मारला आणि आजोबाचा आवाज काढला. “शिला! शिला कुठाय? तांड्यातली शिला आली का न्हाई हजेरीला?”

पोरं फिदीफिदी हसली. शिला ताठ उभी राहिली. बायांची हजेरी कधीच नव्हती, निजामाच्या राज्यातसुद्धा नव्हती. तिनं सोमेश्वरच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात आजानं तिचा हात धरला. त्या वाळलेल्या हातात इतकी ताकद कुठून आली कोण जाणे. तो तिला खाली ओढत होता आणि त्याच्या डोळ्यांत भीती मावत नव्हती.

“बस,” तो कुजबुजला. “बस पोरी, बस. नाव पुकारलं तुझं. चुकवू नको. नेतील तुला. मी दोघांसाठी किती दिवस येऊ?”

शिला त्याच्याशेजारी उकिडवी बसली. त्यानं तिचे हात घेऊन तिच्या गुडघ्यांवर ठेवले आणि पंजे उघडे केले.

“हाजिर,” ती म्हणाली.

“ऐकू आलं न्हाई.”

“हाजिर, मालक.”

“जा,” सोमेश्वर म्हणाला. “उद्या टायमात या. दोघंबी.”